वकीलपत्र कुणाचं?

मावळातल्या बेडशाच्या लेण्यांत चैत्यगृहाजवळ पाण्याचं एक टाकं आहे. त्यावरच्या ब्राह्मी लेखात दान देणारीचं नाव आहे सामडिनिका. ती महाभोजाची मुलगी, स्वतः महारठिणी आणि आपदेवणकाची बायको. बाप आणि नवरा दोघांचीही ओळख लेखात आली आहे, पण दान मात्र तिचं आहे. दान द्यायचं तर आधी वस्तू आपली असावी लागते. सातवाहनांच्या काळातल्या या मावळी बाईकडे नवऱ्याच्या मालमत्तेहून वेगळं असं काहीतरी होतं आणि ते कुठे द्यायचं हे ठरवण्याचा अधिकारही तिच्याकडे होता.

घटस्फोटाच्या दाव्यात वकिलाने दोन्ही बाजूंचं काम एकदम करू नये, हा आजचा नियम याच गोष्टीवर उभा आहे. नवरा आणि बायको ही दोन माणसं आहेत आणि त्यांची हितं दोन असू शकतात, हे आधी मान्य व्हावं लागतं. तोवर हितसंबंधांचा संघर्ष हा प्रश्नच निघत नाही. नवऱ्याने बोलायचं आणि बायकोने मान डोलवायची असं चालत असेल, तर तिला वेगळा वकील हवा कशाला? म्हणून या नियमाचा इतिहास हा बायको स्वतः पक्षकार कशी झाली, याचाही इतिहास आहे. तो पुण्याच्या आणि मुंबईच्या कोर्टांत घडला, आणि त्याची सुरुवात मावळासारख्या मुलखातल्या पंचांपासून होते.

पंच सगळ्यांचे

मराठेशाहीत वतनाचा, शिवाराचा वाद गोतसभेपुढे जाई. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, बलुतेदार आणि आसपासच्या गावचे जाणते बसत. निकाल मान्य करू असा राजीनामा दोन्ही पक्ष आधी लिहून देत, जामीन देत, मग तोंडी सांगणं होई. जिंकणाऱ्याने हरकी नावाची रक्कम भरायची, हरणाऱ्याने गुन्हेगारी म्हणजे दंड. फी घेऊन एका पक्षाची बाजू लढवणारा वकील या व्यवस्थेत नव्हता. ज्याचं भांडण त्यानेच बोलायचं.

लग्नाचे तंटे बहुधा जातीच्या पंचांकडे जात. पंच कुणाचे मामा असत, कुणाचे व्याही, कुणाचे सावकार. आजच्या व्याख्येने बघितलं तर त्यांतला प्रत्येक जण हितसंबंधात गुंतलेला होता. पण ते नातं लपलेलं नव्हतं. कोण कुणाचा कोण, हे सगळ्या वाडीला ठाऊक असे, आणि ते नातं हीच पंचाची पात्रता मानली जाई. पेशवाई संपल्यावर मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याच्या आदेशाने आर्थर स्टील याने दख्खनमधल्या जातींचे रिवाज गोळा केले. त्याचं पुस्तक 1827 मध्ये छापलं गेलं. त्यात अनेक जातींत सोडचिठ्ठी होती आणि बाईला पाट लावता येत होता, अशी नोंद आहे. ब्राह्मण आणि त्यांचं वळण गिरवणाऱ्या जातींत मात्र एकदा लागलेलं लग्न सुटत नसे.

या पंचायतींना उगाच गोड रंग द्यायचं कारण नाही. बाईच्या वतीने बोलणारे बाप आणि भाऊ असत, आणि त्यांनाही आपलं हित होतं. लग्नाचा खर्च, परत घरी आलेल्या लेकीचं ओझं, धाकटीच्या सोयरिकीची काळजी, या सगळ्यांतून तिचा शब्द गाळून पंचांपर्यंत पोचे. तरीही फारकत मिळायची आणि दुसरा संसार थाटता यायचा, ही सोय गरीब जातींतल्या बायकांना होती.

मुंबई उच्च न्यायालय 1862 मध्ये सुरू झालं आणि दोनच वर्षांत या सोयीवर पहिला घाव बसला. गुजरातेतल्या तळपदा कोळ्यांच्या एका प्रकरणात, नवऱ्याची संमती नसताना जातीने बाईला दुसरं लग्न करायची मुभा दिली होती. हा रिवाज आम्ही मानत नाही, असं न्यायालयाने 1864 मध्ये ठरवलं. 1870 मध्ये दुसऱ्या एका खटल्यात तेच पुन्हा सांगितलं गेलं. पंचांचा अधिकार असा आक्रसत गेला, पण त्यांच्या जागी घटस्फोटाचा कायदा काही आला नाही. हिंदू बाईला पंचांचं दार अर्धं बंद झालं आणि कोर्टाचं दार उघडलंच नाही.

वकिलाला मज्जाव

कोर्टाबरोबर वकील आला. 1875 मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली. त्यानंतर सरकारने 1879 मध्ये दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा आणला. पुणे, सातारा, सोलापूर, नगर हे चार जिल्हे त्याखाली आले, म्हणजे मावळही आला. खत कुणी लिहिलं, कुणासमोर लिहिलं, सही करणाऱ्याला मजकूर कळला होता का, याची चौकशी करायचा अधिकार या कायद्याने कोर्टाला दिला. इथे कामाचं कलम आणखी एक आहे. गावमुन्सफ आणि समेट घडवणाऱ्या अधिकाऱ्यांपुढच्या कामांत, तसंच लहान रकमांच्या दाव्यांत वकिलाला उभं राहायला मनाई केली होती. सावकाराला वकील परवडतो, कुणब्याला परवडत नाही, तेव्हा दोघांनाही वकील नको, असा तो हिशोब होता.

हा हिशोब लक्षात ठेवायला हवा. एकशे पाच वर्षांनी नवरा-बायकोच्या बाबतीत तो पुन्हा मांडला गेला.

या कर्जनिवारण कायद्याआधीच, 1872 च्या पुरावा कायद्याच्या कलम 126 ने वकिलाच्या तोंडाला कुलूप घातलं. अशिलाने कामाच्या ओघात सांगितलेलं त्याच्या संमतीशिवाय उघड करायचं नाही, आणि काम संपल्यावरही ते बंधन सुटत नाही. गुन्ह्यासाठी किंवा लबाडीसाठी सल्ला घेतला असेल तर मात्र हे संरक्षण मिळत नाही. एका वकिलाने दोघांचं काम का घेऊ नये याचं सगळ्यात साधं कारण या कलमात सापडतं. एकाचं गुपित राखायचं तर दुसऱ्यापासून लपवावं लागतं, आणि दुसऱ्याला नीट सल्ला द्यायचा तर ते गुपित वापरावं लागतं.

रखमाबाईंचे वकील

पक्षकार म्हणून बायको कोर्टात उभी राहिली की काय होतं, ते मुंबईने 1885 ते 1888 या काळात पाहिलं. रखमाबाईंचा जन्म 1864 चा. त्या लहान असतानाच वडील जनार्दन पांडुरंग वारले. आई जयंतीबाईंनी डॉक्टर सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला, आणि त्याआधी जनार्दनांची सुमारे पंचवीस हजारांची मालमत्ता मुलीच्या नावावर झाली. अकराव्या वर्षी रखमाबाईंचं लग्न दादाजी भिकाजींशी लागलं. दादाजी हे सखाराम अर्जुन यांचेच गरीब नातेवाईक. त्यांनी सासरी राहून शिकायचं, अशी बोलणी झाली होती. ते शिकले नाहीत, मामाकडे राहायला गेले, आणि रखमाबाई माहेरीच राहिल्या.

या घरातली नाती बघण्यासारखी आहेत. मुलीचा सावत्र बाप मुलाचाही नातेवाईक. लग्न जमवणारा तोच, शिक्षणाचा खर्च सोसणारा तोच, आणि पुढे मुलीची बाजू धरणाराही तोच. पंचांच्या जगात असा माणूस मध्यस्थीला सगळ्यांत योग्य ठरला असता. वाद पेटल्यावर मात्र त्याची जागा दोन्हीकडून अवघड झाली. रखमाबाईंच्या बाजूने म्हणणं असं, की दादाजींचा आणि त्यांच्या मामाचा डोळा मालमत्तेवर आहे. दादाजी म्हणत, मालमत्ता हातची जाऊ नये म्हणून माहेरचेच लोक तिला पाठवत नाहीत. पुढे हे दोघांनीही छापून जाहीर मांडलं. सखाराम अर्जुन 1885 मध्ये, खटल्याचा पहिला निकाल लागण्याआधीच वारले.

1884 मध्ये दादाजींनी सॉलिसिटरामार्फत पत्र पाठवून बायकोला नांदायला बोलावलं. नकार आल्यावर वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा दावा दाखल झाला. इथून पुढे रखमाबाई कुणाची लेक किंवा बायको म्हणून मागे उभ्या नव्हत्या. त्या प्रतिवादी होत्या, आणि त्यांना त्यांचे स्वतःचे वकील होते. लॅथम, इनव्हेरॅरिटी आणि काशीनाथ त्र्यंबक तेलंग ही त्या वेळच्या मुंबई बारमधली पहिल्या रांगेतली नावं. लॅथम तर सरकारचे अॅडव्होकेट जनरल होते. त्या काळी त्या पदावरच्या माणसाला खाजगी खटले चालवता येत.

21 सप्टेंबर 1885 ला न्यायमूर्ती पिन्ही यांनी दावा फेटाळला. बालपणी लागलेल्या आणि कधीच न नांदलेल्या लग्नात मोठ्या झालेल्या बाईला बळजबरीने पाठवणं त्यांना क्रूरपणाचं वाटलं. शहरात वादळ उठलं. विश्वनाथ नारायण मंडलिक हे स्वतः हिंदू कायद्याचे जाणकार वकील. त्यांच्या 'नेटिव्ह ओपिनियन'ने निकालावर टीका केली, टिळकांच्या 'मराठा'नेही केली. 1886 मध्ये मुख्य न्यायाधीश सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी निकाल फिरवून प्रकरण परत पाठवलं. 4 मार्च 1887 ला न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला, की महिन्याभरात नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली.

तेलंगांची कसोटी या खटल्यात लागली. ते राष्ट्रीय चळवळीतले, हिंदू धर्मशास्त्राचे अभ्यासक. त्यांच्याच वर्तुळातले कित्येक जण रखमाबाईंच्या विरोधात बोलत होते. वकीलपत्र घेतल्यावर त्यांची कोर्टातली निष्ठा एकाच व्यक्तीशी होती. पंचाला हे शक्य झालं नसतं, कारण पंचाला जातीला उत्तर द्यावं लागतं.

1888 मध्ये तडजोड झाली. दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी हुकमाची अंमलबजावणी सोडून दिली. घटस्फोट झाला नाही, कारण तशी तरतूदच नव्हती. पण ही तडजोड दोन स्वतंत्र बाजूंमध्ये झाली. रखमाबाईंनी काय सोडलं आणि काय मिळवलं याचा हिशोब त्यांच्याच माणसांनी त्यांच्यासाठी केला होता. पुढच्या वर्षी त्या इंग्लंडला गेल्या, डॉक्टर होऊन परतल्या आणि सुरतेला बायकांच्या दवाखान्यात रुजू झाल्या.

कायदा आला, दोन बाजू आल्या

मराठी माणसांच्या जवळच्या मुलखात घटस्फोटाचा कायदा आधी संस्थानात आला. सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात 1931 मध्ये हिंदूंना घटस्फोट मिळू लागला. मुंबई प्रांताने 1947 मध्ये कायदा केला. हिंदू कोड बिल अडकल्यावर 1951 मध्ये डॉ. आंबेडकरांनी कायदामंत्रिपद सोडलं, आणि अखेर 1955 मध्ये हिंदू विवाह कायदा झाला. त्या कायद्याने रूढीने मिळणारी फारकतही शाबूत ठेवली. म्हणून स्टॅम्पपेपरवर लिहिलेल्या सोडचिठ्ठ्या आजही दिसतात. पण जिथे तशी रूढी सिद्ध होत नाही, तिथे त्या कागदाला घटस्फोटाची किंमत नसते, आणि त्यावर विसंबून पुन्हा लग्न करणारा अडचणीत येतो.

वकिलांचं वळण 1961 च्या अॅडव्होकेट्स कायद्याने आणि बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनी बांधलं गेलं. नियम 33 सांगतो, की ज्याने एका पक्षाला दाव्याबाबत सल्ला दिला, कैफियत लिहून दिली किंवा काम चालवलं, त्याने दुसऱ्या पक्षाचं काम घेऊ नये. नियम 14 प्रमाणे पक्षकारांशी आपलं नातं असेल किंवा वादात काही स्वारस्य असेल, तर ते वकिलाने अशिलाला आधीच मोकळेपणाने सांगायचं. नियम 19 घटस्फोटात फार महत्त्वाचा आहे. अशील किंवा त्याचा अधिकृत माणूस सोडून दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून वकिलाने काम करायचं नाही. बायकोच्या वकिलाची फी नवरा, सासरा किंवा भाऊ भरत असला, तरी ऐकायचं बायकोचंच.

नियम मोडला हे सिद्ध करणं मात्र सोपं नसतं. पुण्याच्या कलेक्टर कचेरीत प्रांतांच्या दोन कोर्टांत काम करणाऱ्या बारा वकिलांनी आपल्याच दोन व्यवसायबंधूंविरुद्ध तक्रार केली होती. त्यांनी लोकांना चुकीचे सल्ले देऊन कागद करून दिले असा आरोप होता, आणि त्यांत एका जोडप्याच्या लग्नाच्या प्रतिज्ञापत्राचाही विषय होता. शिस्तपालन समितीने त्यांची सनद काही काळ थांबवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, तेच 'पांडुरंग दत्तात्रय खांडेकर विरुद्ध बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र'. 1983 मध्ये न्यायालयाने शिक्षा रद्द केली. चुकीचा सल्ला देणं वेगळं आणि अनुचित सल्ला देणं वेगळं, असा भेद न्यायालयाने केला. नुसत्या हलगर्जीला गैरवर्तन म्हणता येत नाही, त्यामागे नैतिक खोट दाखवावी लागते. निकाल न्याय्यच होता, कारण चुकणारा प्रत्येक वकील लबाड नसतो. पण त्यातून एक गोष्ट पक्की झाली. नुकसान झाल्यावर शिस्तपालन समितीकडे धावण्यापेक्षा आधीच आपला वकील आपला आहे की नाही, ते पाहणं अशिलाच्याच हातात आहे.

दोघांची सही, एकाची कचेरी

1976 च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात परस्परसंमतीचा घटस्फोट आला. दोघांनी मिळून अर्ज करायचा, सहा महिने थांबायचं, पुन्हा येऊन सांगायचं. अर्ज एकच, मागणी एकच, तेव्हा वकील एक का नको, हा विचार साहजिक होता. खर्च वाचतो, तारखा कमी होतात, भांडण वाढत नाही. त्याच दुरुस्तीने कोर्टावर एक जबाबदारीही टाकली. संमती जोरजबरीने, फसवून किंवा गैरवाजवी दबावाखाली घेतलेली नाही, याची खात्री झाल्याशिवाय हुकूमनामा द्यायचा नाही.

ती खात्री किती नाजूक असते, ते हिमाचलमधल्या हमीरपूरच्या एका प्रकरणात दिसलं. जानेवारी 1985 मध्ये नवरा-बायकोने अर्ज केला आणि दुसऱ्या दिवशी जबाब झाले. आठवड्याच्या आत बायकोने कोर्टाला कळवलं, की जबाब दबावाखाली दिला होता, आणि अर्जाआधी आपल्या माणसांशी सल्लामसलत करू दिली गेली नव्हती. 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की पहिल्या अर्जावरची सही पुरेशी नाही. हुकूमनामा होईपर्यंत दोघांची संमती टिकलेली हवी, आणि मधल्या काळात कुणीही ती मागे घेऊ शकतो. मुंबईच्या कुटुंब न्यायालयातून गेलेल्या एका प्रकरणात 2009 मध्ये याच दिशेने आणखी स्पष्टता आली. दुसरा पक्ष आलाच नाही, म्हणजे त्याची संमती आहे, असं कोर्टाला गृहीत धरता येत नाही.

दरम्यान 1879 चा हिशोब परत आला होता. कायदा आयोगाने 1974 मध्ये कौटुंबिक वादांसाठी वेगळी पद्धत हवी असं सुचवलं, स्त्री-संघटनांनीही त्याचा आग्रह धरला, आणि 1984 मध्ये कुटुंब न्यायालय कायदा झाला. त्याच्या कलम 13 प्रमाणे कुणालाही हक्क म्हणून वकील मागता येत नाही, पण गरज वाटली तर न्यायालय तटस्थ मदतीसाठी न्यायमित्र नेमू शकतं. समुपदेशक बसवले गेले, समेटाचा प्रयत्न करणं न्यायालयाचं कर्तव्य झालं. 1989 मध्ये पुणे आणि मुंबईत ही न्यायालयं सुरू झाली. वकील दूर ठेवला की बाईला आपलं म्हणणं आपल्या तोंडाने मांडता येईल, अशी आशा होती. काही अंशी ती खरीही ठरली. पण फ्लॅटचं कर्ज, भागीदारीतला धंदा, वाटणीची जमीन असे प्रश्न आले, की वकिलाशिवाय उभी राहणारी बाजू बहुतेक वेळा कमकुवतच असे. 1990 च्या दशकाच्या आरंभी मुंबई उच्च न्यायालयाने गुंतागुंतीच्या दाव्यांत वकिलाला परवानगी द्यावी असं सांगितलं, आणि हळूहळू ती परवानगी नित्याची झाली. अनुभवाने दाखवलं, की दुबळ्याचं रक्षण वकील काढून घेतल्याने होत नाही. त्याला स्वतःचा वकील मिळाल्याने होतं.

आज मावळात हा प्रश्न जमिनीमुळे जास्त टोकदार झाला आहे. द्रुतगती मार्ग झाला, पवना धरणाभोवती बंगले उभे राहिले, आणि डोंगराच्या कुशीतल्या गुंठ्यांना भाव आला. सासरच्या घराचा एक वकील ठरलेला असतो. सातबाऱ्यावरच्या नोंदी, वाटणीपत्र, विक्रीचं खरेदीखत, सगळं त्यानेच केलेलं असतं. कुठल्या गटात किती हिस्सा आहे आणि विक्रीचे पैसे कुठे गेले, हे त्याला ठाऊक असतं. संसार मोडला की तोच म्हणतो, "वहिनी, कशाला खर्चात पडता, दोघांचं मीच करून देतो." म्हणणाऱ्याच्या मनात कपट असेलच असं नाही. पण वहिनीने पोटगीचा आकडा विचारला, तर त्याने काय सांगायचं? घराण्याचं गुपित राखलं तर तिचं नुकसान होतं, आणि उघड केलं तर जुन्या अशिलाचा विश्वास मोडतो. अशा वेळी सरळ माणूसही अडकतो. नियम माणसाच्या सचोटीवर सोडलेला नाही, तो याच कारणासाठी.

पंचांच्या काळाशी तुलना केली तर फरक लगेच दिसतो. पंचाचं नातं साऱ्या गावाला माहीत असे, म्हणून त्याच्या शब्दाला किती धरायचं, हे ऐकणारा ठरवू शके. वकिलाचं जुनं काम कचेरीतल्या फायलींत असतं आणि ते सांगायला तोच बांधलेला असतो. त्याने सांगितलं नाही, तर समोरच्या बाईला ते कळायला मार्ग नाही. पंच मध्यस्थ म्हणून बसत आणि तसंच म्हणवतही. दोघांचं काम करणारा वकील मात्र वकीलपत्रावर सही घेतो आणि मध्यस्थासारखा वागतो.

मध्यस्थी वाईट नाही. रखमाबाईंचा वादही शेवटी तडजोडीनेच मिटला. पण ती तडजोड टिकली, कारण तिच्या दोन्ही टोकांना स्वतंत्र सल्ला होता. परस्परसंमतीचा अर्ज एकत्र करायला हरकत नाही, पण सही करण्याआधी दोघांनी वेगवेगळ्या वकिलांकडून अटी वाचून घ्याव्यात. पोटगी, स्त्रीधन, मुलांचा ताबा, घर आणि त्यावरचं कर्ज, यांतलं काय सोडतो आहोत, हे प्रत्येकाला स्वतःच्या माणसाकडून कळायला हवं. पैशाची अडचण हे कारण आता पुरत नाही. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील देण्याची तरतूद आहे, आणि त्यासाठी तालुका पातळीवरही विधी सेवा समिती असते. आणि नवऱ्याचं काम घेतलेल्या वकिलाकडे बायको विचारायला गेली, तर त्याने तिला पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगावं: मी तुमचा वकील नाही, तुम्ही वेगळा करा.